पहिल्याच संध्याकाळी थिनर उघडू नका! जुन्या मॉडेल कार किटवर काम करताना या चुका टाळा

माझा चुलतभाऊ मिशिगनमधल्या ट्रॉयला राहतो. डेट्रॉइटचं हे एक उपनगर. गाड्यांच्या कंपन्यांमुळे तिकडे मराठी इंजिनिअर बरेच आहेत. पण मॉडेलवाल्यांना ट्रॉय माहीत असतं ते तिथल्या एएमटी या जुन्या किट कंपनीमुळे. या कंपनीने १९५८ पासून दर वर्षी नव्या अमेरिकन गाड्यांचे १/२५ स्केलचे प्लॅस्टिक किट काढले. एकाच डब्यातून शोरूमची, थोडी सजवलेली किंवा रेसची, अशी तीनपैकी हवी ती गाडी जोडता यायची. दादाने गॅरेज सेलमधून अशीच एक जोडलेली फोर्ड मस्टँग पाच डॉलरला उचलली आणि बॅगेत मोज्यांच्या मधे कोंबून पुण्याला आणली.

गाडी म्हणजे गोंदाचा गोळाच होती. वरून ब्रशने फासलेला लाल रंग, विंडशील्डवर गोंदाचे ओघळ आणि छतावर कुण्या पोराच्या अंगठ्याचा ठसा, तोही रंगाखाली प्लॅस्टिकमध्ये रुतलेला. साठ वर्षं ती गाडी तशीच टिकली होती. मी तिचं खरं नुकसान केलं ते पहिल्या दोन तासांत.

थिनर

घरात हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर होता. कापसाचा बोळा भिजवून बॉनेटवर फिरवला. रंग निघाला, खूश झालो. दहा सेकंदांत बोळ्याचे धागे बॉनेटला चिकटायला लागले. खालचं पॉलिस्टायरिन, म्हणजे किटचं प्लॅस्टिकच, विरघळत होतं. एनसी थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही या प्लॅस्टिकला लावायचं नाही. लागलंच तर त्याला हात लावू नका. घाबरून पुसायला जाल तर बारीक रेषा सगळ्या सपाट होतील. आठवडाभर तसंच ठेवा, प्लॅस्टिक पुन्हा कडक होऊ द्या आणि मग पॉलिश पेपर घ्या.

रंग काढायला ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. झाकणाच्या डब्यात बॉडी रात्रभर बुडवायची आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासायची. खिडक्या बंद ठेवून हे काम करू नका, आणि जवळपास गॅस पेटलेला नसावा. जुन्या इनॅमल रंगाला हा उपाय कधी कधी पुरत नाही. तेव्हा जुने लोक डॉट ३ ब्रेक ऑइल वापरतात. हातमोजे मात्र हवेतच, आणि दिवसचे दिवस बुडवून ठेवू नका, प्लॅस्टिक ठिसूळ होऊ शकतं.

ब्रिटनमधले मॉडेलवाले डेटॉल वापरतात. ते तर आपल्या प्रत्येक घरात असतं. पण इथे एक हमखास फसगत होते. काही तासांनी गाडी बाहेर काढून माणूस थेट नळाखाली धरतो, आणि सुटलेल्या रंगाचा असा चिकट लगदा होतो की तो ब्रशला, बेसिनला आणि बोटांना सोडत नाही. आधी डेटॉलमध्येच ब्रश बुडवून सगळा रंग घासून काढायचा, मग कोऱ्या डेटॉलने एकदा धुवायचं आणि पाणी सगळ्यात शेवटी.

यातलं काहीही वापरण्याआधी बॉडीच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून पंधरा मिनिटं थांबा. काचा यांत कधीच घालू नका. पारदर्शक पॉलिस्टायरिनला अल्कोहोलमुळे केसासारख्या बारीक चिरा पडू शकतात, आणि त्या पॉलिश करून जात नाहीत.

सांधे उचकटणे

जुन्या ट्यूबमधल्या गोंदाचे सांधे चाकूने उचकटायला गेलात की सांधा सोडून बाजूचं प्लॅस्टिक तुटतं. गाडी झिपच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने जुना गोंद ठिसूळ होतो. बाहेर काढल्या काढल्या हलकेच पिळा दिला की ‘टक्’ आवाज येतो आणि सांधा सुटतो. (घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे मटार शोधताना आईच्या हाती मस्टँगची चेसिस लागली होती.) पातळ सॉल्व्हंट गोंद असेल तर फ्रीजरचाही उपयोग होत नाही, कारण तिथे दोन्ही प्लॅस्टिकं वितळून एकजीव झालेली असतात. तिथे बारीक दातांची करवत चालवावी लागते.

क्रोम

माझ्या मते सगळ्यात जास्त पस्तावा इथे होतो. बंपरवरचा क्रोम म्हणजे निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून चढवलेला अतिशय पातळ थर. त्यावर पॉलिश घासलं की चमक वाढत नाही, खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं. मळकट क्रोम आधी भांडी धुवायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन बघा. अर्ध्या वेळा तेवढंच पुरतं.

क्रोम खरंच गेलेला असेल तर घरातल्या ब्लीचमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात, तो पटकन उतरतो. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. धातूच्या थराखाली पारदर्शक, किंचित पिवळट लाखेचा थर असतो. तो राहिला तर ग्रिलच्या बारीक खाचा बुजलेल्या दिसतात आणि गोंदही नीट धरत नाही. तो थर आयसोप्रोपिलमध्ये बुडवून काढा. नवा क्रोम रंग देताना खाली चकचकीत काळा रंग हवा आणि तो पूर्ण वाळलेला हवा. वरून क्लिअर कोट मारला की बरेचसे क्रोम रंग नुसते चंदेरी दिसायला लागतात.

टायरने खाल्लेली काच

न उघडलेला जुना डबा मिळाला तरी लगेच हुरळून जाऊ नका. विनाईलच्या टायरमध्ये मऊपणा यावा म्हणून घातलेलं रसायन वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतं, आणि ज्या प्लॅस्टिकला टायर टेकलेला असतो ते वितळतं. विंडशील्डवर टायरच्या नक्षीचा ठसा उठलेले किट मी पाहिलेत. डबा हातात आला की पहिलं काम म्हणजे टायर वेगळ्या पिशवीत टाकायचे. जोडताना रिमच्या कडेला, जिथे टायर बसतो तिथे, ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी लावा. रसायन अडवायला ती रंगापेक्षा जास्त भरवशाची.

रंगाआधी आणि रंगात

साच्याची रेघ (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे प्लॅस्टिकवर उठते ती) पुढच्या मडगार्डवर आणि मागच्या काचेच्या खांबावर शोधा. प्रायमर मारल्याशिवाय ती दिसत नाही, आणि प्रायमर मारल्यावर दुसरं काही दिसत नाही. पॉलिश पेपर ६०० नंबरचा, पाण्यात भिजवून. अंगठ्याचा तो ठसा काढायला माझे दोन रविवार गेले. तसलाच एक ठसा डिकीच्या आतून सापडला, तो मात्र राहू दिला.

किट लाल प्लॅस्टिकचा असेल आणि गाडी पांढरी करायची असेल तर खालचा लाल रंग वर फुटतो आणि गाडी गुलाबी होते. आधी चंदेरी रंगाचा एक हात द्या. इनॅमलवर लॅकर (थिनरवर आधारलेला, पटकन वाळणारा रंग) मारू नका, सुरकुत्या पडतात. खऱ्या गाड्यांच्या टचअपचे स्प्रे कॅन त्यातल्या थिनरमुळे उघड्या प्लॅस्टिकवर धोक्याचे असतात.

आणि आपल्याकडचा जुलै! पावसाळ्यात लॅकर मारला की हवेतलं बाष्प त्यात अडकतं आणि काळी गाडी राखाडी, धुरकट दिसते. अशा वेळी वरून आणखी जाड थर देणं ही मोठी चूक. कोरडा दिवस बघून सावकाश वाळणाऱ्या रिटार्डर थिनरचा अगदी हलका फवारा दिला तर धूसरपणा बऱ्याचदा जातो. मी तर जून ते सप्टेंबर फक्त इंजिन आणि सीटं करतो.

जोडणीचा क्रम, स्केल आणि बाकीचं

साठच्या दशकातल्या कित्येक एएमटी किटमध्ये पुढचा धातूचा आस थेट इंजिन ब्लॉकमधल्या भोकातून जातो. खऱ्या गाडीत असं काही नसतं, हा निव्वळ खेळण्याचा जुगाड. हे लक्षात न घेता इंजिन आणि चाकं वेगवेगळी ‘फायनल’ केलीत तर शेवटी आस घुसवताना रंगवलेलं इंजिन उखडतं. म्हणून आधी गोंद न लावता, टेपने सगळी गाडी एकदा जोडून बघायची.

सुटे भाग मागवताना स्केल बघा. अमेरिकन किट बहुतेक १/२५, पण अमेरिकेतल्याच मोनोग्रामचे आणि जपानी कंपन्यांचे बहुधा १/२४. फरक क्षुल्लक वाटतो, पण पाच मीटरची गाडी एका स्केलमध्ये २०० मिलिमीटर भरते आणि दुसऱ्यात २०८. दुसऱ्या स्केलची चेसिस बसणारच नाही.

डेकल (पाण्यात भिजवून गाडीवर सरकवायची नक्षीची स्टिकरं) पिवळे पडले असतील तर पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवा, पिवळेपणा बराच उतरतो. त्याआधी स्कॅन करून ठेवा. पाण्यात टाकायचा पहिला डेकल नको असलेलाच निवडा. तो फुटला तर उरलेल्यांवर डेकल फिल्मचा, म्हणजे त्यांना धरून ठेवणाऱ्या पारदर्शक द्रवाचा, हात द्या.

काचेला सुपरग्लू लावू नका, वाफेने काच पांढरी पडते. पांढरा फेविकॉल टूथपिकने लावा, तो वाळला की दिसत नाही.

शेवटी एक ओळख पटवण्याची गोष्ट. पन्नाशीच्या दशकात डीलर लोक शोरूममध्ये वाटायचे त्या तयार मॉडेल गाड्या सेल्युलोज ॲसिटेटच्या असत. ते प्लॅस्टिक आक्रसतं, केळ्यासारखं वाकतं, कधी कधी व्हिनेगरचा वास मारतं. ती गाडी गरम पाण्यात घालून सरळ करायला जाऊ नका, पुन्हा वाकते. पॉलिस्टायरिनचा गोंदही तिला धरत नाही. मागच्या दिवाळीत दादाने तशी एक आणली. ती आहे तशी कपाटात ठेवली आहे, बाकीच्या गाड्यांपासून दोन खण लांब.