वाळवंटी तळ्यातले सूक्ष्म कवचधारी : नमुने कसे घ्यायचे, कसे मोजायचे

वाळवंटी तळ्यात सूक्ष्म कवचधारी जीवांच्या संख्येत एकाच दिवशी दोन किनाऱ्यांमधला फरक कधी कधी दोन महिन्यांतल्या फरकापेक्षा मोठा निघतो. वारा पृष्ठभागाजवळचे जीव एका बाजूला लोटतो, नदीच्या मुखाशी पाणी कमी खारट असते. म्हणून एकाच ठिकाणच्या नमुन्यावरून ऋतुबदल ठरवू नका. नदीचे मुख, सर्वांत खोल जागा आणि वाऱ्याच्या समोरासमोरचे दोन्ही किनारे अशी किमान चार ठिकाणे निवडा आणि प्रत्येक ठिकाणी जाळे तीनदा ओढा.

जाळ्याची वीण, म्हणजे छिद्रांची रुंदी, ६४ मायक्रॉन ठेवा. १५० मायक्रॉनच्या जाळ्यातून कोपेपॉड या लहान कवचधारींची पिल्ले, म्हणजे नॉप्लियस, निसटतात आणि प्रजननाच्या बहराचा काळ हिशेबातूनच गळतो. तळाच्या एक मीटर वर थांबवून जाळे सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने सरळ वर ओढा. शेवाळाने ते तुंबले, तर पाणी तोंडातूनच बाहेर ढकलले जाते आणि संख्या खोटी कमी दिसते. अशा वेळी ओढ लहान करा किंवा तोंडाशी प्रवाहमापक लावा. वेळ मात्र दर फेरीला तीच हवी. डॅफ्निया (पाणपिसू) दिवसा खोल जातो आणि रात्री वर येतो. त्यामुळे उथळ ओढीत वेळेचा फरक ऋतूचा फरक वाटू शकतो.

उन्हाळ्यात दर आठवड्याला फेरी मारा. कोमट पाण्यात मोइना हा डॅफ्नियासारखाच जीव काही दिवसांतच प्रौढ होतो, त्यामुळे महिन्यातून एकदाच गेलात तर पूर्ण बहर हुकेल. थंडीत महिन्यातून एकदा पुरे. प्रत्येक वेळी तापमान, क्षारता आणि पाण्याची पातळी नोंदवा. पातळी खाली गेली की क्षारता वाढते. मग डॅफ्निया आधी मागे पडतो आणि अतिखारट पाण्यात आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला छोटा कवचधारीच उरतो. कॅलिफोर्नियाच्या खारट मोनो तलावात थंडीत आर्टेमियाचे प्रौढ मरतात, तळाशी सुप्त अंडी उरतात आणि वसंताच्या सुमारास ती उबतात. म्हणूनच थंडीत पाणी रिकामे वाटले तरी वरच्या दोन-तीन सेंटिमीटर गाळाचा नमुना घ्या.

२०० मिली बाटलीत १८० मिली नमुना, नमुना टिकवण्यासाठी २० मिली फॉर्मॅलिन आणि ८ ग्रॅम साखर घाला. साखर नसली तर डॅफ्नियाचे कवच फुगते आणि अंडी गळतात. मग किती माद्या अंडी वाहत होत्या, हे कळत नाही. हातमोजे घाला आणि हे काम मोकळ्या हवेतच करा.

मोजण्यापूर्वी बाटली हलक्या हाताने हलवा, ५ मिली काढा आणि किमान १०० जीव मोजा. कोपेपॉडच्या स्पर्शिका शेपटापर्यंत पोचत असतील तर तो कॅलनॉइड गटातला, आखूड असतील तर सायक्लोपॉइड गटातला. समजा, ३० सेंमी व्यासाचे जाळे १० मीटर ओढले, तर सुमारे ७०७ लिटर पाणी गाळले जाते. ५ मिलीत १२० जीव निघाले, तर २०० मिलीच्या पूर्ण बाटलीत १२० × ४० = ४,८००, म्हणजे लिटरमागे ६.८. पातळी बदलणाऱ्या तळ्यात पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागची संख्याही काढा : ६.८ × १,००० × १० = ६८,०००. पाणी आटून जीव दाटले की खरोखर वाढले, हे या दुसऱ्या आकड्यावरूनच कळते.