अर्धी टीम पुण्यात, अर्धी साताऱ्यात? मग हे करा
मीटिंगला सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरनं जॉईन व्हायचं, ऑफिसवाल्यांनी पण, नाहीतर हिंजवडीतले आपापसात बोलत बसतात आणि साताऱ्यातनं घरून काम करणारा म्युटवर नुसता ऐकत राहतो. आधी त्यालाच बोलू द्या. चहाच्या टपरीवर काही ठरलं तर लगेच ग्रुपवर टाका, खरंच टाका, कारण माणूस तुटतो तो इथंच, त्याला निर्णय दोन दिवसांनी कळतो. ऑफिसला बोलवायचं तर सगळ्यांना एकाच दिवशी बोलवा, खंबाटकीचा बोगदा पार करून शंभरेक किलोमीटर आलेल्याला रिकाम्या खुर्च्या कशाला दाखवायच्या. त्यादिवशी कॉल नकोत, जेवण एकत्र. आणि सप्टेंबरात टीमच साताऱ्याला आणा की, कास पठाराचं बुकिंग मात्र आधी ऑनलाईन करून ठेवा.