त्वचेतील ग्रंथी: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हिस्टॉलॉजीच्या (ऊतिशास्त्राच्या) स्पॉटिंगमध्ये, म्हणजे स्लाइड पाहून ओळखण्याच्या परीक्षेत, मी घर्मग्रंथीच्या नलिकेला रक्तवाहिनी असे लिहिले. ग्रंथींचा तक्ता मला पाठ होता. स्लाइड मात्र मी कधी सवडीने पाहिली नव्हती. म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी सांगते की, ग्रंथी कोठे उघडते हे आधी शोधा.

सुरुवात तळहाताच्या जाड त्वचेपासून करावी. तेथे केस नसतात, त्यामुळे केसाच्या मुळाशी उघडणाऱ्या तैलग्रंथीही नसतात आणि डोळ्यांसमोर फक्त एक्राईन, म्हणजे थेट त्वचेच्या पृष्ठभागावर उघडणारी, घर्मग्रंथी राहते. तिची नळी अंतस्त्वचेच्या तळाशी, चरबीला लागून, वेटोळे घालून बसलेली असते. पण स्लाइडवर तिचा काप येत असल्याने एकाच नळीची सुटी सुटी वर्तुळे दिसतात. फिकट आणि रुंद वर्तुळे घाम तयार करणाऱ्या भागाची असतात. गडद, लहान, घनाकार पेशींचे दोन थर असलेली वर्तुळे नलिकेची. केशवाहिनीचे, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीचे, अस्तर चपट्या पेशींच्या एकाच थराचे असते, आणि नेमके हेच मी पाहिले नव्हते. ही नलिका घाम नुसता वाहून नेत नाही, तर वाटेत त्यातील मीठ परत शोषून घेते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात हे शोषण बिघडते, म्हणून बाळाचा घाम अतिशय खारट असतो. त्यातील क्लोराइड लिटरमागे 60 मिलिमोल किंवा अधिक भरल्यास या आजाराच्या निदानाला आधार मिळतो.

तैलग्रंथीसाठी डोक्याच्या त्वचेची स्लाइड घ्यावी. पेशी फेसाळ दिसतात, कारण स्लाइड तयार करताना त्यांतील स्निग्ध पदार्थ विरघळून गेलेला असतो. या ग्रंथीत अख्खी पेशीच फुटून स्राव बनते. काखेतील अपोक्राईन ग्रंथी, म्हणजे घर्मग्रंथीचा दुसरा प्रकार, हीही केसाच्या मुळाशीच उघडते, पण ती वयात येताना कार्यरत होते. तिच्या ताज्या स्रावाला जवळजवळ वास नसतो, तो त्वचेवरील जिवाणूंमुळे येतो.

एक्राईन ग्रंथींना अनुकंपी (सिंपथेटिक) मज्जातंतू चालना देतात, पण त्यांच्या टोकाशी इतर बहुतेक अनुकंपी मज्जातंतूंप्रमाणे नॉरअॅड्रेनॅलिन नव्हे, तर अ‍ॅसिटिलकोलिन स्रवते. हा अपवाद व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात. मला त्याचा अर्थ पुढे त्वचारोग विभागात उमगला. एप्रिलच्या उकाड्यात एका कुष्ठरुग्णाच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा सारी पाठ घामाने ओलसर होती आणि फिकट चट्टा तेवढा कोरडा होता. तेथील मज्जातंतू निकामी झाल्याने घर्मग्रंथींपर्यंत संदेशच पोहोचत नव्हता.