दोन इमारतींमधला बोळ अडवलाय? तक्रार कुठं आणि कशी करायची

कोल्हापुरात लक्ष्मीपुरी, शाहूपुरी किंवा राजारामपुरीत दोन व्यापारी इमारतींमधल्या चार-पाच फुटी बोळाला एक दिवस लोखंडी गेट लागतं, नाहीतर मागच्या टोकाला पत्र्याचं शेड उभं राहतं. गाळेधारक महापालिकेत अर्ज देतात आणि उत्तर येतं, ‘सदर बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने आपण सक्षम न्यायालयात दाद मागावी.’ बऱ्याचदा हे उत्तर अर्जाच्या भाषेमुळेच ओढवतं. ‘आमचा रस्ता अडवला’ असं लिहिलं की तो हक्काचा वाद ठरतो आणि हक्काचा निवाडा महापालिका करत नाही. ‘मंजूर नकाशात मोकळ्या दाखवलेल्या जागेत विनापरवाना बांधकाम केलं’ असं लिहिलं, की तेच प्रकरण नगररचना विभागाच्या अखत्यारीत येतं.

त्यामुळं आधी बोळ कुणाचा आहे ते कागदावर शोधा. दोन्ही मिळकतींची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. सि.स. (सिटी सर्व्हे) नंबरासोबत वॉर्ड (ए, बी, सी, डी, ई) लिहायला विसरू नका. पत्रिकेत ‘सुविधाधिकार’ (म्हणजेच सुखाधिकार, दुसऱ्याच्या जागेतून ये-जा करण्यासारखा हक्क) नावाचा रकाना असतो, तो कोरा आहे की भरलेला ते पाहा. तो कोरा असला तरी तिथंच थांबू नका. नगर भूमापन कार्यालयातून चौकशी नोंदवहीचा उतारा आणि नकाशाही घ्या; ‘समाईक बोळ’ ही नोंद जुन्या पेठांत पुष्कळदा तिथं सापडते.

मग शेजारच्या इमारतीचा मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत बसवा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. नकाशा हातात आला की सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळं सोडायचं अंतर) किती दाखवलंय ते पाहा आणि बोळ स्टीलच्या टेपनं तोंडाशी, मध्यावर आणि मागच्या टोकाला असा तीन ठिकाणी मोजा. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं माप वेगळं लिहा आणि जिना, जनरेटर, एसीचं आउटडोअर युनिट यांमुळं उरलेली वाट वेगळी. फोटोत टेपवरचा आकडा वाचता आला पाहिजे. लक्ष्मीपुरीत रविवारी, बाजाराच्या दिवशी फोटो काढू नका. ‘तात्पुरता माल होता’ एवढं म्हणून शेजारी मोकळा होतो.

तक्रारीआधी स्वतःची बाजूही मोजा. स्थळपाहणीत दोन्ही इमारती मोजल्या जाऊ शकतात, आणि तुमचाच जिना दीड फूट बाहेर असेल तर नोटीस आधी तुम्हाला येईल.

अर्ज आयुक्तांच्या नावे करा, प्रत नगररचना विभागाला आणि आपल्या विभागीय कार्यालयाला द्या. विनापरवाना बांधकाम असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 53 लिहा. काम अजून चालू असेल तर काम थांबवण्यासाठी कलम 54. बोळ सार्वजनिक असेल आणि कुणी माल किंवा खोकं मांडलं असेल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 231 खाली आयुक्त ते नोटिशीशिवाय हटवू शकतात. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

शेजाऱ्यानं परवाना दाखवला तर तो कशासाठी, कोणत्या तारखेचा आणि कोणत्या नकाशावर दिलाय ते तपासा. मिळकत पत्रिकेवर समाईक बोळ असताना सादर केलेल्या नकाशात तो दाखवलेलाच नसेल, तर महत्त्वाची माहिती चुकीची दिल्याच्या कारणावरून महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 258 खाली परवाना रद्द करण्याची मागणी करता येते. या कलमाचा वापर फार कमी जण करतात.

नोटीस निघाली म्हणजे काम झालं असं समजू नका. कलम 53 ची नोटीस मिळालेला माणूस तेच बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करू शकतो आणि प्रकरण तिथंच थंडावतं. असा अर्ज आलाय का ते लेखी विचारा आणि मोजमापं जोडून हरकत नोंदवा.

आगीचा मुद्दा वेगळ्या अर्जात अग्निशमन विभागाकडे न्या. बंब बोळात शिरत नाही, होज पाईप मात्र तिथूनच मागं न्यावा लागतो आणि तळघरातली माणसंही त्याच वाटेनं बाहेर पडतात. 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार आगीच्या उपाययोजना चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादार दोघांवर आहे. त्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. ते दिलंय का, हे माहिती अधिकारात विचारा.

नकाशात काहीच नसेल आणि नुसती वहिवाट असेल, तर दिवाणी न्यायालयाला पर्याय नाही. 1882 च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणं उघडपणे, शांततेनं, हक्कानं आणि खंड न पडता 20 वर्षांची वहिवाट लागते. अडथळा माहीत होऊनही वर्षभर गप्प बसलात तर तो खंड धरला जातो, म्हणून गेट लागलं त्याच आठवड्यात लेखी हरकत रजिस्टर पोस्टानं पाठवा. दावा अडथळ्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करा, त्याच दिवशी तात्पुरत्या मनाईचा आणि जागेची पाहणी करणारा कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या. महापालिकेलाही प्रतिवादी करायचं असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 ची एक महिन्याची नोटीस आधी द्यावी लागते. मामलतदार कोर्टाची वाट शेतजमिनीसाठी आहे, तिकडं वेळ घालवू नका.

या काळात शेजारी समजुतीचा कागद पुढं करेल. त्यात ‘आपल्या परवानगीने बोळ वापरतो’ असं वाक्य असेल तर सही करू नका. परवानगीनं केलेल्या वापरातून वहिवाटीचा हक्क कधीच तयार होत नाही. खरोखर तडजोड होत असेल तर बोळाची रुंदी, लांबी, गेटच्या किल्ल्या कुणाकडे आणि माल उतरवण्याची वेळ हे सगळं नकाशासह लिहा आणि दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नुसत्या नोटरीवर थांबलात तर उद्या गाळा विकत घेणारा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणेल. नोंदणी झाली की दस्ताची प्रत घेऊन नगर भूमापन कार्यालयात जा आणि दोन्ही पत्रिकांवर सुविधाधिकाराच्या रकान्यात नोंद घेण्यासाठी अर्ज करा.