फोनवरचा आवाज आणि बँकेची पडताळणी

मी ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेली स्त्री. कागदपत्रांवर नाव, लिंग सगळं बदलून झालं, तरी बँकेला फोन केला की पलीकडून ठरलेलं: "सर, खातेदार मॅडमना फोन द्या." अहो, मीच ती मॅडम! एकदा तर संशयावरून कार्डच बंद केलं.

इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) घेऊन ट्रान्स स्त्रीचा आवाज बारीक होत नाही. वयात येताना जाड झालेले स्वरतंतू पुन्हा पातळ होत नाहीत. सरावाने फरक पडतो, पण चिडले की माझा आवाज मूळ पदावर!

शेवटी शाखेत लेखी अर्ज दिला: आवाजावरून ओळख ठरवू नका, सुरक्षा प्रश्न विचारा, तशी नोंद खात्यावर ठेवा. शिक्क्यासकट पोच घेतली (ही घ्याच). आता फोन घेणारा आधी नोंद वाचतो. 'सर' अधूनमधून निघतंच, पण काम अडत नाही.