लाइटवेट डेस्कटॉपसाठी डेब पॅकेज बनवताय? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या मशीनवर लिनक्स टाकून वापरणारे आता बरेच दिसतात. शाळेतली कॉम्प्युटर रूम, गावातलं वाचनालय, डीटीपीवाले, कुणाच्या घरी पोरांच्या अभ्यासाला दिलेला जुना लॅपटॉप. दोन जीबी रॅम असते, विंडोज ओढत नाही, मग डेबियन हे लिनक्स घालायचं, वर एलएक्सक्यूटी नाहीतर एक्सएफसीई असा हलका डेस्कटॉप, आणि मशीन परत कामाला लागतं. त्यात आपलीच इंजिनिअरिंगची पोरं छोटे छोटे प्रोग्रॅम लिहून त्याचं डेब पॅकेज (डेबियन-उबुंटूवर प्रोग्रॅम बसवायची फाइल) करून ग्रुपवर टाकतात. हे मला मनापासून आवडतं, कारण मराठी टायपिंगचा सराव करून घेणारा प्रोग्रॅम बाहेरचा कोण आपल्यासाठी लिहायला बसणार आहे? पण पॅकेज करायची वेळ आली की त्याच त्या चुका. कोड चांगला असतो, महिनोन्‌महिने खपून लिहिलेला असतो आणि पॅकेज एका संध्याकाळी उरकलेलं असतं. मग फोन येतो, "सर, माझ्या लॅपटॉपवर चालतंय की, तिथंच का चालंना?" दर वेळी तेच सांगून कंटाळलो, म्हणून आता एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आपल्या लॅपटॉपवर बिल्ड करायचं आणि दुसऱ्याला द्यायचं

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीनं होतं, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

खानापूरच्या पुढं एका मराठी शाळेत जुनी मशीन आहेत, सगळ्यांवर डेबियन 12 आणि एलएक्सक्यूटी. एका पोरानं तिथल्या मुलांसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्डचा सराव करून घेणारा प्रोग्रॅम लिहिला, सी प्लस प्लस आणि क्यूटी 5 (खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी) मध्ये, अगदी सुटसुटीत, रॅम कमी खाणारा. त्याच्या लॅपटॉपवर उबुंटू 24.04, म्हणजे डेबियनवरच आधारलेलं पण वेगळं लिनक्स. तिथंच बिल्ड केलं, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार केला, डेब फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि शाळेत गेला. डीपीकेजीनं (डेब फाइल थेट बसवणारी कमांड) इन्स्टॉल करायला घेतलं तर उत्तर आलं की लिबसी6 (सी भाषेच्या मूळ लायब्ररीचं पॅकेज) किमान 2.38 पाहिजे, आणि लिबक्यूटी5कोअर5टी64 नावाचं पॅकेज इथं नाहीच.

हे असं का होतं ते समजून घ्या. प्रोग्रॅम ज्या मशीनवर बिल्ड होतो तिथल्या जीलिबसीला, म्हणजे लिबसी6 मधल्या त्या लायब्ररीला, तो बांधला जातो. उबुंटू 24.04 मध्ये जीलिबसी 2.39 आहे, डेबियन 12 मध्ये 2.36. साधं आकडे वाचायचं फंक्शन वापरलं तरी नव्या हेडर फाइलींमुळं 2.38 मध्ये आलेलं सिंबॉल (फंक्शनचं आतलं नाव) आत येऊन बसतं, तुम्ही काही नवीन वापरलेलं नसलं तरी. आणि ते टी64 काय? 2038 साली 32 बिटमधला वेळेचा आकडा संपतो, त्यावर उपाय म्हणून 2024 मध्ये उबुंटू आणि डेबियननं वेळ 64 बिटवर नेली आणि ढीगभर लायब्ऱ्यांच्या पॅकेजची नावं बदलली. नेहमीच्या 64 बिट मशीनवर आतली लायब्ररी तीच राहिली पण नाव बदललं. डेबियनमध्ये हा बदल ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या 13 मध्ये पोचला, 12 मध्ये जुनंच नाव आहे, लिबक्यूटी5कोअर5ए.

इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. डीपीकेजीनं आपलं काम केलं होतं, नाही म्हणून सांगितलं होतं. पण पोराला मुलांसमोर प्रोग्रॅम दाखवायची घाई. नेटवर कुठंतरी वाचलं की पॅकेज मिळत नसेल तर रेपो (नेटवरचा पॅकेजेसचा साठा) ॲड करा. त्यानं डेबियनच्या सोर्सेस लिस्टमध्ये उबुंटूचा रेपो घातला. त्या रेपोची सही तपासायची चावी मशीनवर नाही म्हणून एपीटीनं (रेपोतून पॅकेजेस आणून बसवणारी कमांड) अडवलं, तर 'ट्रस्टेड इक्वल्स येस' लिहून ती पण तपासणी बंद केली. अपडेट मारलं, फुल-अपग्रेड मारलं. उबुंटूतले बरेच व्हर्जन नंबर मोठे, त्यामुळं एपीटी निम्मी सिस्टिम उबुंटूची करायला निघालं. स्क्रीनवर स्पष्ट यादी येते, कुठली पॅकेजेस काढली जाणार आहेत, त्यात एलएक्सक्यूटीची नावं होती. यादी न वाचता वाय दाबलं. हे सगळं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, पावसाळ्याचे दिवस, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला नेटचं काय होतं ते तिथं राहणाऱ्यांना सांगायला नको. डाउनलोड कसंबसं झालं, इन्स्टॉल अर्ध्यावर असताना लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी मशीनवर काळी स्क्रीन आणि नुसतं लॉगिन. मी गेलो तेव्हा लिबसी6 उबुंटूचं बसलेलं, डेस्कटॉप निघून गेलेला, निम्मी पॅकेजेस अनकॉन्फिगर्ड. लिबसी6 वर चढवता येतं, खाली उतरवायची सोय डेबियन देत नाही, जबरदस्ती केली तर एलएस कमांडसुद्धा चालायची बंद होऊ शकते. मुलांच्या फाइली तेवढ्या पेन ड्राइव्हवर काढल्या आणि मशीन पुसून नव्यानं घातलं. बाईंना मात्र वाटलं की लिनक्सच असलं असतंय. याचं मला जास्त वाईट वाटतं. चूक पॅकेजची आणि नाव लिनक्सचं खराब.

मग त्याच पोराचा सोर्स घेतला, कोडमध्ये एक ओळ बदलली नाही, डेबियन 12 च्या कोऱ्या क्रूटमध्ये (आपल्या सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या फोल्डरात बसवलेला डेबियन) बिल्ड केला. डिपेंडन्सीत, म्हणजे आधी लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, आपोआप लिबसी6 किमान 2.34 आलं, लिबक्यूटी5कोअर5ए आलं, आणि शाळेतल्या मशीनवर नेट नसतानाही पॅकेज बसलं, कारण एलएक्सक्यूटीमुळं त्या लायब्ऱ्या तिथं आधीच होत्या.

माझी सवय सांगतो. मी पीबिल्डर वापरतो. बरेच जण आता एसबिल्ड वापरतात, तेही चांगलं आहे, माझा हात पीबिल्डरवर बसलाय एवढंच. प्रत्येक बिल्डला तो कोरा डेबियन उलगडतो, कंट्रोल फाइलमधल्या (पॅकेजची माहिती लिहायची फाइल) बिल्ड-डिपेंड्समध्ये जे लिहिलंय तेवढंच आत आणतो, बिल्ड करतो आणि सगळं फेकून देतो. तुमच्या लॅपटॉपवर मागं कधीतरी टाकलेलं पॅकेज बिल्ड-डिपेंड्समध्ये लिहायचं राहिलं असेल तर इथंच एरर येते, घरी बसल्या, शाळेत मुलांसमोर नाही. नेट वारंवार जात असेल तर एपीटी-कॅशर-एनजी टाकून घ्या, एकदा उतरलेली पॅकेजेस घरच्या मशीनवर राहतात आणि दर बिल्डला परत डाउनलोड करावी लागत नाहीत. पहिल्यांदा सगळं बसवायला वेळ जातो, हो जातो, पण त्यासाठी थांबायची तयारी नसेल तर पॅकेज वाटू नका, सोर्स द्या, दुसरा कुणीतरी पॅकेज करेल.

आणि इन्स्टॉल करताना डीपीकेजी मायनस आय नको. डेब ज्या फोल्डरमध्ये आहे तिथं जाऊन एपीटी इन्स्टॉल, मग डॉट, स्लॅश आणि फाइलचं नाव. डिपेंडन्सी तो स्वतः बघतो. त्याच्याही आधी मायनस एस लावून नुसतं सिम्युलेट करून बघा आणि रिमूव्ह होणाऱ्यांची यादी वाचा. ती यादी रिकामी नसेल तर थांबा. 2021 मध्ये पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप टाकताना एका नावाजलेल्या यूट्यूबवाल्याचा आख्खा डेस्कटॉप उडाला होता, तिथंही एपीटीनं पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं होतं, "येस, डू ॲज आय से", आणि त्यानं ते टाइप केलं. एवढा इशारा दिल्यावर एपीटीनं अजून काय करायचं?

सगळंच डिपेंड्समध्ये कोंबणं

हलक्या डेस्कटॉपसाठी पॅकेज करणाऱ्यानं हे तर पाठच केलं पाहिजे. डिपेंड्स म्हणजे ज्याच्याशिवाय प्रोग्रॅमचं मुख्य काम होतच नाही. रेकमेंड्स म्हणजे बहुतेकांना लागेल, पण नसलं तर अडत नाही. सजेस्ट्स म्हणजे असलं तर बरं. डेबियन 5 पासून, म्हणजे 2009 पासून, एपीटी रेकमेंड्स आपणहून इन्स्टॉल करतो, त्यामुळं रेकमेंड्समध्ये लिहिलं तर युजरला मिळणार नाही ही भीती काढून टाका. फरक एवढाच की ज्याच्याकडं डिस्क कमी आहे, नेट कमी आहे, तो ते नाकारू शकतो. डिपेंड्समध्ये घातलं की त्याचा तो हक्क गेला.

नेहमी दिसणारं उदाहरण बघा. प्रोग्रॅममध्ये 'फोल्डर उघडा' असं बटण असतं. लिहिणारा स्वतः ग्नोम हा डेस्कटॉप वापरतो, म्हणून बटणामागं थेट नॉटिलस हा ग्नोमचा फाइल मॅनेजर चालवतो आणि डिपेंड्समध्ये नॉटिलस लिहून मोकळा होतो. एलएक्सक्यूटीवाल्यानं ते टाकलं की नॉटिलस आणि त्याच्या मागून ग्नोमच्या लायब्ऱ्यांची रांग येते, तिथं पीसीमॅनएफएम-क्यूटी हा फाइल मॅनेजर आधीच असताना. बटण एका जागी, ओझं सगळ्या मशीनवर. त्याऐवजी एक्सडीजी-ओपन वापरा आणि डिपेंड्समध्ये एक्सडीजी-यूटिल्स घाला, ज्याच्याकडं जो फाइल मॅनेजर असेल तो उघडतो. टर्मिनल लागत असेल तर उभी रेघ देऊन पर्याय लिहा, आधी एक खरं पॅकेज, मग एक्स-टर्मिनल-एम्युलेटर हे व्हर्च्युअल नाव, म्हणजे कुठलंही टर्मिनल चालेल.

लायब्ऱ्यांची नावं आणि व्हर्जन हातानं लिहू नका, कंट्रोल फाइलमध्ये शलिब्जचं व्हेरिएबल तेवढं ठेवा, डीपीकेजी-शलिबडेप्स बायनरी उघडून बघतो आणि यादी भरतो. पण त्याला काय दिसत नाही तेही लक्षात ठेवा. तो फक्त थेट लिंक झालेल्या लायब्ऱ्या बघतो. चालताना लोड होणारे प्लगइन, पायथनचे इम्पोर्ट, प्रोग्रॅममधून हाक मारलेल्या बाहेरच्या कमांडी, हे सगळं त्याच्या नजरेआड राहतं आणि ते तुम्हीच लिहायचं असतं. एका पोरीच्या प्रोग्रॅमचे आयकॉन एलएक्सक्यूटीवर झकास दिसायचे आणि एक्सएफसीईवर सगळी बटणं कोरी. एरर काहीच नाही. आयकॉन एसव्हीजी होते, ते दाखवायला लिबक्यूटी5एसव्हीजी5 लागतं, एलएक्सक्यूटीवर ते डेस्कटॉपबरोबर आलेलं असतं, एक्सएफसीई पडला जीटीके या दुसऱ्या लायब्ररीवर, तिथं ते कोण आणणार? डिपेंड्समध्ये एक नाव वाढवलं, विषय संपला. म्हणून मी दोन व्हर्च्युअल मशीन कायम ठेवतो, एक एलएक्सक्यूटीचं, एक एक्सएफसीईचं, दोन्ही कोरी, आणि टेस्ट झाली की स्नॅपशॉटवर परत नेतो.

फॉन्ट पॅकेजमध्ये भरून देणं

आपल्याकडं एकाच मशीनवर मराठी आणि कन्नड दोन्ही लागतं, आणि कुठंतरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले की पोरं फॉन्टची फाइल उचलून आपल्या पॅकेजमध्ये घालतात, तीही सिस्टिमच्याच फोल्डरमध्ये, त्याच नावानं. मग ती फाइल दुसऱ्या पॅकेजची आहे म्हणून डीपीकेजी अडतो, आणि त्यावर उपाय म्हणून फोर्स-ओव्हरराइट. असं केलं की फाइलची मालकी तुमच्या पॅकेजकडं जाते आणि पुढं कुणी तुमचा प्रोग्रॅम काढला की फॉन्टपण जातो, सगळ्या मशीनचा. डेबियनमध्ये फॉन्ट्स-लोहित-देवा आहे, कन्नडसाठी फॉन्ट्स-लोहित-केएनडीए आहे. दोन्ही रेकमेंड्समध्ये लिहा. डेस्कटॉप फाइलमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही नावं घाला, मेनूत आपल्या भाषेत नाव दिसलं की शाळेतली मुलं न विचारता उघडतात.

बाकीच्या, थोडक्यात

पोस्टइन्स्ट स्क्रिप्टमधून (पॅकेज बसताना शेवटी चालणारी) एपीटी चालवू नका, त्या वेळी डीपीकेजीचं लॉक लागलेलं असतं, ते चालणारच नाही.

पोस्टइन्स्टमधून पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारी कमांड) पण नको. डेबियन 12 पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला थेट मज्जाव आहे, आणि ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस हा ऑप्शन लावून पुढं जाणाऱ्यांनी निदान त्याचं नाव तरी वाचावं. पायथन3-पायक्यूटी5 एपीटीत आहे, ते डिपेंड्समध्ये लिहा.

नावाच्या शेवटी डीईव्ही असलेली पॅकेजेस बिल्ड-डिपेंड्समध्ये जातात. युजरला हेडर फाइली लागत नाहीत.

कंपाइल केलेला प्रोग्रॅम असेल तर आर्किटेक्चर 'ऑल' लिहू नका. रास्पबेरी पायवर पॅकेज बसतं आणि चालवलं की एक्झेक फॉरमॅट एरर. 'ऑल' फक्त स्क्रिप्ट आणि डेटासाठी.

1.0आरसी1 (फायनलच्या आधीचं, रिलीज कँडिडेट) हे व्हर्जन डीपीकेजीच्या हिशेबात 1.0 पेक्षा मोठं आहे, म्हणून आरसी टाकलेल्यांना फायनल कधी मिळतच नाही. मध्ये टिल्डे द्या, 1.0~आरसी1, म्हणजे ते लहान ठरतं. आणि चूक झाकायला इपॉक (व्हर्जनच्या पुढं लावायचा जास्तीचा आकडा) लावू नका, एकदा लावला की तो कायमचा.

चेकइन्स्टॉल या झटपट डेब करून देणाऱ्या टूलनं केलेलं डेब स्वतःच्या मशीनपुरतं ठेवा. डिपेंडन्सी तो आपणहून शोधत नाही, त्यामुळं ते डेब कुठंही बसतं आणि कुठंही बंद पडतं.

इलेक्ट्रॉनमध्ये लिहिलेल्या नोट्सच्या प्रोग्रॅमला लाइटवेट म्हणू नका. आत आख्खं क्रोमियम ब्राउझर असतं, दोन जीबीच्या मशीनवर ते कळतं.

लिंटियन (पॅकेजमधल्या चुका शोधणारं टूल) चालवा आणि एरर ओव्हरराइड करायच्या आधी त्यानं दिलेलं स्पष्टीकरण पूर्ण वाचा.

32 बिटची जुनी मशीन अजून कुठं असतील तर त्यांच्यासाठी डेबियन 12 वरच बिल्ड करा, कारण 13 मध्ये त्यांचा इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही.

एवढं करूनही अडलं तर विचारा, मी सांगतो. फक्त स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवू नका. सोर्समधलं 'डेबियन' नावाचं फोल्डर पूर्ण पाठवा, बिल्डचा लॉग टेक्स्ट फाइलमध्ये पाठवा, आणि ज्या मशीनवर चालत नाही तिथलं एपीटी-कॅश पॉलिसीचं आउटपुट. सोर्सेस लिस्टमध्ये कुठला परका रेपो घातला असेल तर तो काढून टाकून मग विचारू नका, आहे तसाच दाखवा.