नागपुरात घरामागे भाजीपाला लावायचाय? मग दसऱ्याची वाट बघा, आणि तोवर एवढं करून ठेवा

दरवर्षी मार्चमध्ये हेच होतं. पोरांच्या परीक्षा संपत येतात, घरात जरा मोकळा वेळ असतो, कोणीतरी युट्युबवर दोन-चार व्हिडिओ बघतं आणि टोमॅटो, भेंडी, वांगी, पालक, शिमला मिरची अशी सगळ्याची पाकिटं एकदमच घरी येतात. पंधरा-वीस दिवस छान चालतं, मग पारा चाळीसच्या वर गेला की रोपं माना टाकायला लागतात आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, येईपर्यंत वाफ्यात काही उरतच नाही. मग घरचे म्हणतात, जाऊ दे, आपल्या हाताला गुणच नाही, आणू बाजारातूनच. मला हे ऐकलं की फार वाईट वाटतं, कारण हाताचा काही संबंध नसतो हो, नुसता महिना चुकलेला असतो.

नागपुरात पहिल्यांदा भाजीपाला लावणाऱ्याने पेरणी दसऱ्यानंतरच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पाऊस गेलेला असतो पण जमिनीत ओल असते, ऊन असतं पण जाळणारं नसतं, रात्री गार व्हायला लागलेल्या असतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत साडेचार महिने हातात मिळतात, तेवढ्यात पालेभाजी दोन-तीनदा निघते आणि टोमॅटो-वांगीही होतात. पुण्या-बंगलोरच्या हवेतले व्हिडिओ बघून मार्चमध्ये सुरुवात करू नका, तिकडचा एप्रिल आणि आपला एप्रिल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दसऱ्याला अजून वेळ असेल तर चांगलंच, जागा ठरवणं आणि माती बनवणं ही खरी कामं तेवढ्यात होतात. पेरणी काय, अर्ध्या तासाची गोष्ट आहे.

आधी सावली बघा

भाजीला दिवसातून सहा तास तरी थेट ऊन पाहिजे. पालेभाजी चार-पाच तासांत भागवते, टोमॅटो, वांगी, मिरची अजिबात भागवत नाहीत. आता गंमत अशी की उन्हाळ्यात जी जागा दिवसभर उन्हात असते ती हिवाळ्यात सावलीत जाऊ शकते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस तेव्हाच येतो, त्यामुळे भिंतीला चिकटून लावलं तरी ऊन मिळतं. पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे खाली सरकतो आणि भर दुपारीसुद्धा घर जेवढं उंच तेवढीच लांब सावली उत्तरेला पडते. म्हणजे तुमचं मागचं अंगण उत्तरेला असेल आणि घर दोन मजली, वीस फुटांचं असेल, तर घरापासून वीस फूट जागा ऐन भाजीच्या दिवसांत सावलीत. लेआऊटमधल्या कितीतरी प्लॉटवर मागे एवढी जागाच नसते. अशा वेळी हट्ट न करता समोर किंवा बाजूच्या मोकळ्या पट्टीत वाफा करा, गेटजवळ सांभार (म्हणजे कोथिंबीर) लावला तर काही बिघडत नाही.

शेजारच्या झाडाकडेही लक्ष द्या. कडुनिंब, आंबा, अशोक यांच्या अगदी बुडाशी वाफा नको, त्यांची मुळं तुमचं सगळं खत-पाणी ओढून घेतात.

माती, आणि वाफसा

जुन्या वस्तीत घर असेल तर बहुतेक काळी चिकण माती निघेल. नवीन लेआऊटमध्ये वर मुरूम, विटांचे तुकडे, गिट्टी, सिमेंटची ढेकळं आणि खाली कुठेतरी काळी माती. फूटभर खोल खड्डा करून बघा, मलबा निघाला तर तो वेचून बाहेर काढण्याला पर्याय नाही, त्यावर कितीही खत टाका, मुळं खाली जाणार नाहीत. खड्डा झालाच आहे तर त्यात पाणी भरा, जिरू द्या, परत भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर त्या जागी निचरा नाही, तिथे वाफा उंचच करावा लागेल.

काळ्या मातीला लोक उगाच घाबरतात. ती पाणी धरून ठेवते, अन्नद्रव्यं धरून ठेवते, भाजीला उत्तम आहे, फक्त तिच्यावर काम करायची वेळ सांभाळावी लागते. ओली असताना खणली तर कुदळीला चिकटते आणि वाळली की विटेसारखी ढेकळं होतात, जी मग फुटता फुटत नाहीत. पूर्ण वाळल्यावर खणायला गेलात तर कुदळ उडते. या दोन्हीच्या मधली जी अवस्था असते तिला शेतकरी वाफसा म्हणतात आणि घरच्या चार फुटांच्या वाफ्यालाही तोच नियम लागू आहे.

वाफसा ओळखायचा असा. वरचा थर बाजूला सारून चार बोटं खालची मूठभर माती घ्या आणि घट्ट दाबा. बोटांच्या मधून चिखल बाहेर आला किंवा हाताला लेप बसला तर अजून थांबा. गोळा झालाच नाही, नुसता भुगा राहिला, तर माती जास्त वाळली आहे, हलकं पाणी देऊन एक-दोन दिवस थांबा. गोळा नीट झाला, हात जवळपास कोरडा राहिला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर तो गोळा तीन-चार तुकड्यांत फुटला, तर वाफसा आलाय, त्याच दिवशी कुदळ घ्या, उद्यावर ढकलू नका. पावसाळा संपताना जोराची सर थांबल्यावर चार-सहा दिवसांनी साधारण ही वेळ येते, पण दिवस मोजण्यापेक्षा मूठ दाबून बघणं केव्हाही बरं.

काळ्या मातीत रेती मिसळा म्हणून सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. एक-दोन घमेली रेतीने काही होत नाही, उलट माती जास्तच घट्ट बसते. तिला मोकळं करतं ते शेणखत किंवा कंपोस्ट, आणि तेही भरपूर.

पहिला वाफा

चार फूट रुंद, आठ फूट लांब, बस. यापेक्षा मोठा पहिल्या वर्षी करूच नका, कारण मोठं अंगण खणून ठेवलं की निंदण्यातच जीव जातो आणि उत्साह डिसेंबरपर्यंतही टिकत नाही. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको म्हणजे दोन्ही बाजूंनी मधपर्यंत हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. वाफ्यात चालायचं नाही हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा, काळी माती एकदा दबली की सगळी मेहनत वाया.

फूटभर खोल खणा, ढेकळं फोडा, हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी मुळासकट वेचून काढा (हे काम कंटाळवाणं आहे पण इथे आळस केला तर ती हरळी वर्षभर छळते). त्यावर चांगल्या कुजलेल्या शेणखताचा दोन इंचांचा थर, म्हणजे एवढ्या वाफ्याला दहा-बारा घमेली, वर अर्धा-पाऊण किलो निंबोळी पेंड, आणि सगळं वरच्या सहा-आठ इंचांत मिसळून घ्या. शेणखत कुजलेलं आहे का ते नाकाने कळतं. वास यायला नको, रंग काळपट, हातात भुरभुरीत. ताजं शेण टाकलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि उधळी (वाळवी) दोघींना आमंत्रण. गांडूळखत मिळत असेल तर निम्म्याला निम्मं चालतं. वाफा जमिनीपासून सहा-आठ इंच उंच ठेवायचा, यालाच गादीवाफा म्हणतात, आणि मग एकदा पाणी देऊन आठवडाभर तसाच सोडायचा. त्या आठवड्यात जे तण उगवेल ते उपटून टाका, पुढचं बरंच काम वाचतं.

काय लावायचं

पहिल्यांदा मेथी, पालक, सांभार आणि मुळा. का, तर मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात भाजी ताटात, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. नवीन माणसाला लवकर काहीतरी हाती लागणं फार गरजेचं असतं, त्याशिवाय पुढची धीराची पिकं होत नाहीत. कडेने लसणाच्या पाकळ्या टोचून द्या, पात खायला मिळते आणि मार्चपर्यंत लसूणही. गाजर, फुलकोबी, शिमला मिरची यांच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. चिकण मातीत गाजरं वाकडी होतात, दोन-दोन पाय फुटतात, आणि कोबीवर अळ्या इतक्या येतात की मन खट्टू होतं.

मेथी आणि धन्याला पाकीट आणायचीही गरज नाही, किराण्यातलं चालतं, फक्त जुनं नको. धने अख्खे पेरायचे नाहीत. एका धन्यात दोन बिया असतात, त्यामुळे कापडावर पसरून लाटण्याने हलकेच रगडायचे, दोन फाकी झाल्या की थांबायचं, पीठ करायचं नाही. मग रात्रभर भिजवून सकाळी निथळून पेरायचे. सहा-सहा इंचांवर काडीने अर्धा इंच खोल रेघा ओढा, त्यात बी सोडा, बारीक मातीने झाका, हाताने थोपटा, झारीने पाणी द्या. नळीने देऊ नका, बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. वर ओलं पोतं पसरून ठेवलं तर मुंग्या आणि चिमण्यांपासून बी वाचतं आणि ओलही टिकते, मात्र कोंब दिसायला लागल्याबरोबर पोतं काढायचंच, एक दिवस जरी उशीर झाला तरी कोंब पिवळे आणि लांबुळके होतात. सांभार आठ-दहा दिवस काहीच दाखवत नाही, कधी बारा-पंधराही लागतात, उकरून बघू नका.

आणि एक, सगळा वाफा एका दिवशी पेरून टाकू नका. दर दहा-बारा दिवसांनी दोन-दोन रेघा पेरत जा, नाहीतर एका आठवड्यात शेजाऱ्यांना वाटण्याइतकी मेथी आणि नंतर महिनाभर काहीच नाही असं होतं.

टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं मात्र नर्सरीतून तयार आणा, चार-सहाच, बी पेरून रोप करायला पंचवीस-तीस दिवस लागतात आणि ते पुढच्या वर्षी शिका. बोटभर उंच, जाड दांड्याचं, फूल न लागलेलं रोप निवडा. फुलावर आलेलं रोप बघायला छान दिसतं पण पिशवीतच म्हातारं झालेलं असतं. संध्याकाळी लावा, टोमॅटो आणि वांग्याला दोन-दोन फूट, मिरचीला दीड फूट अंतर. टोमॅटोचा दांडा थोडा खोल पुरला तर त्यालाही मुळं फुटतात. लावतानाच बाजूला काठी रोवा, नंतर रोवली की मुळं दुखावतात.

पाणी

इथे नवीन माणसाचं सगळ्यात जास्त चुकतं आणि तेही प्रेमापोटी. काळी माती वरून भेगाळलेली दिसते पण खाली ओली असते. रोज पाणी, सकाळ-संध्याकाळ पाणी, असं केलं की मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात, आणि पानं पिवळी दिसली की लोक अजून पाणी देतात. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर आज पाणी नाही. बी उगवेपर्यंत रोज हलका शिडकावा, त्यानंतर थंडीत दर तीन-चार दिवसांनी, सकाळी, बुडाशी, भरपूर.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी आणि आरओचं फेकायचं पाणी, हे दोन्ही वाफ्यात नको. कूलरमधलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, आरओचंही तसंच, आणि आपल्या मातीत निचरा आधीच कमी म्हणून ते साठत जातात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खुशाल द्या.

कीड

पानामागे मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाडून टाका, तेवढ्यानेही बरंच भागतं. नाही भागलं तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण नीट घोळून संध्याकाळी फवारा, पानाच्या खालच्या बाजूनेही, आठवड्याने परत. पालेभाजीवर बाजारातलं कडक औषध मारून तीच भाजी चार दिवसांत पोरांना खाऊ घालायची असेल तर घरी लावायचा उपयोग काय.

मार्च आला की

तापमान पस्तीसच्या वर जायला लागलं की टोमॅटोची फुलं गळतात, पालक आणि सांभार फुलावर येतात. हे तुमच्यामुळे होत नाही, त्यांचे दिवस संपले. सांभाराची दोन-चार रोपं राहू द्या, धने तयार होतील. बाकी वाफा मोकळा करा, आणि पहिल्या उन्हाळ्यात त्याला सुट्टीच द्या. नाहीच राहवलं तर एका कोपऱ्यात चवळाई आणि अंबाडी, वर हिरवी जाळी, आणि वाफा उंच न ठेवता खोलगट, म्हणजे रोज सकाळी दिलेलं पाणी तिथेच थांबतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावर कडुनिंबाचा पाला गळून ढीग लागतात आणि लोक जाळून टाकतात. ती पोती भरून आणा, रिकाम्या वाफ्यावर चार-पाच इंचांचा थर द्या आणि आठवड्यातून एकदा पाणी मारा, खालची माती तापत नाही, फारशी भेगाळत नाही आणि पावसाळ्यापर्यंत खालचा पाला कुजायला लागतो. मृगाचा पहिला शिडकावा झाला म्हणून लगेच बी टाकू नका, मधे आठ-दहा दिवस पावसाने दडी मारली तर कोंब वाळतात. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की वाफा पुन्हा फूटभर उंच करा, मग बरबटी (चवळीच्या शेंगा) आणि भेंडी वाफ्यात, दोडका आणि कारलं कंपाऊंडच्या जाळीवर.